पुलाला लागलेलं जहाज आणि आमचं घर

आमच्या घरात बापलेक एकमेकांशी बोलायचे ते फक्त विजेबद्दल. बाकी सगळं माझ्यामार्फत. "बाबांना सांग, मला सहलीला जायचंय." "त्याला सांग, केस कापून ये म्हणावं." मी मध्ये उभी, जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या बाईसारखी, इकडचं तिकडे जोडून देत. पण फ्यूज उडाला की दोघं एकदम जिवाभावाचे. स्टूल कोण धरणार, टेस्टर कुठे ठेवला, तार जळाली ती इथे का तिथे, सगळं हसतखेळत चालायचं. मी अंधारात कणीक मळत ऐकत बसायचे. खरं सांगते, लाइट लवकर येऊ नये असं वाटायचं मला.

हे इथल्या एका सरकारी कारखान्यात होते. मोठमोठे स्विचबोर्ड बनायचे तिथे, आणि ते बाहेर जाण्याआधी तपासायचं काम ह्यांचं. लग्न होऊन मी मिरजेकडून बेंगळूरला आले तेव्हा मला कन्नडचं एक अक्षर येत नव्हतं. पहिलं वाक्य शिकले ते शेजारच्या अक्कांकडून, "करंट होयतु", म्हणजे करंट गेला. त्या भिंतीपलीकडून ओरडायच्या आणि मी इकडून "हौदु, हौदु", हो हो, करायचे. पुढे त्या आणि आम्ही हेब्बाळला एकाच इमारतीत फ्लॅट घेतले. आता इमारतीला जनरेटर आहे, करंट जातो आणि तोंडातला घास गिळेपर्यंत येतो. त्यामुळे अक्कांचं ओरडणं बंद झालं. तेवढं एक वाईट झालं.

तर मुलगा. बेंगळूरात समुद्र सोडा, धड नदी नाही, आणि आमचा मुलगा निघाला जहाजावर. सगळ्यांची मुलं मारतहळ्ळी, बेळ्ळंदूरला गळ्यात ओळखपत्राचे पट्टे घालून ऑफिसात चाललेली, आणि हा मालवाहू जहाजावर इलेक्ट्रिकल ऑफिसर. जहाजावर त्या माणसाला बत्तीसाब म्हणतात. ह्यांना ते नाव इतकं आवडलं! सुट्टीवर यायचा तेव्हा दारातच, "या बत्तीसाब! आमच्या बाथरूमचा गीझर बघून घ्या आधी." हा पण बूट काढायच्या आधी गीझर उघडून बसायचा. मी चहा घेऊन उभी. "अहो, त्याला पाणी तरी पिऊ द्या." तर बापच म्हणायचा, "अगं, त्याला तेच पाणी आहे."

तो फोन आला तेव्हा मी सकाळची दारात रांगोळी घालत होते. मुलाचाच फोन. "आई, मी ठीक आहे. टीव्हीवर काही दिसलं तर घाबरू नका. आमचं जहाज पुलाला लागलं." मला वाटलं, लागलं म्हणजे घासलं असेल, रिक्षा कठड्याला घासते तसं. मी म्हटलं, "फार खरचटलं का रे?" मग म्हणाला, "आई, पूल पडला. वर एक गाडी होती. पाववाल्याची. नवराबायको होते आत."

आजवर ह्यांनी कधी माझ्या हातातून फोन ओढून घेतला नव्हता. त्या दिवशी घेतला. आणि पहिलं वाक्य काय, तर "आधी काय ट्रिप झालं?"

मला फोनमधलं सगळं ऐकू येत होतं. मुलगा म्हणाला, "बाबा, माणसं गेलीत."

"हो रे. पण आधी काय गेलं ते सांग. मेन ब्रेकर गेला का जनरेटर गेला?"

"बाबा..."

"घाबरू नको, नीट आठव. पहिल्यांदा काय?"

फोन बंद झाला. ह्यांना वाटलं रेंज गेली. "परत लाव," म्हणाले. मी लावला. त्याने उचलला नाही. मी ह्यांच्याकडे बघितलं आणि म्हटलं, "अहो, तो ठीक आहे का एवढं तरी विचारायचं." तर म्हणाले, "ठीक आहे म्हणूनच तर फोन केला ना त्याने?" त्यांना समजलंच नाही. रांगोळी तशीच अर्धी राहिली, दूधवाला तिच्यावर पाय देऊन गेला.

दुपारी टीव्हीवर दाखवलं. एवढं थोरलं जहाज, त्यावर डब्यांच्या उतरंडी, आणि त्याच्या नाकावर पुलाचं लोखंड वाकून पडलेलं. देश कुठला ते इथे लिहीत नाही. नदीचं मुख होतं, बंदर होतं, पहाट होती. मी विचारलं, "अहो, पण लाइट गेली म्हणून जहाज पुलावर कसं जातं? आपल्याकडे लाइट गेली तर आपण काय भिंतीवर जाऊन आदळतो?" तर उठले, ओट्यावर पाणी सांडलं, आणि माझा चण्याच्या डाळीचा स्टीलचा डबा त्यावरून ढकलून सोडला. डबा घसरत जाऊन मिक्सरवर आपटला. "आता बघ, हात काढला तरी थांबला का? जहाज आपली वीज आपणच बनवतं. ती गेली की इंजिन बंद, सुकाणू ढिलं. ब्रेक नसतो. जडपणा मात्र तसाच राहतो, तो पुढे नेतो." मी ओटा पुसला. डबा आता चेपलाय एका बाजूने. डाळ असते अजून त्यात.

मग कळलं की चौकशी होईपर्यंत जहाजावरच्या लोकांनी तिथेच राहायचं. घरी यायचं नाही. तुरुंग नाही तो, पण जहाजावरून उतरायचं तर परवानगी हवी आणि विमानात बसायची तर बातच नाही. त्यांचे जुने फोन तपासाला घेतले, दुसरे दिले. कंपनीच्या वकिलाने बजावलं की अपघाताबद्दल कुणाशी एक शब्द बोलायचा नाही. घरच्यांशी सुद्धा नाही. वीज, ब्रेकर, जनरेटर, काहीच नाही.

आता तुम्हीच सांगा, ह्या दोघांना दुसरं बोलायला येतं काय?

मुलाचा फोन आठवड्यातून दोनतीनदा यायचा, चेहरा दिसणारा. माझ्याशी बोलायचा, मग मी म्हणायचे, "थांब हं, बाबांना देते." हे तयारी करून बसलेले असायचे. मला आधी हळूच विचारायचे, "अगं, मुलाला काय विचारतात?" हसू नका. खरंच विचारायचे. मी म्हणायचे, "हवा कशी आहे विचारा."

"हवा कशी आहे?"

"थंड आहे."

"बरं."

मग दोघं आपापल्या पडद्याकडे बघत बसायचे. मी खूण करायचे, जेवणाचं, जेवणाचं.

"काय जेवलास?"

"भात."

"बरं. आणि?"

"डाळ."

एकदा ह्यांनी स्वतःच्या मनाने विचारलं, "पोळ्या मिळतात का?" मला इतकं कौतुक वाटलं, लहान मूल पहिल्यांदा स्वतःहून चार शब्द जोडतं ना, तसं. मुलगा म्हणाला, "मिळतात बाबा. जाड असतात." तेवढ्यावर दोघं थोडं हसले. त्या दिवशी मी शिरा केला.

पण त्याच्या मनातली अढी गेली नव्हती. आईला कळतं हो. "बाबा" म्हणताना आवाज बदलायचा. मी एकदा, हे आंघोळीला गेलेले बघून, म्हटलं, "अरे, त्या दिवशी बाबांनी विचारलं ते तुझी चूक काढायला नव्हतं." तो लगेच म्हणाला, "आई, तो विषय नको. सांगितलंय ना." आणि मग थोडा थांबून, "पहिला प्रश्न तोच होता पण त्यांचा." मी विषय तिथेच सोडला. कारण तोवर मला तरी कुठे ठाऊक होतं त्यांनी तसं का विचारलं? मी आपली आई म्हणून सारवासारव करत होते.

महिने गेले. ह्यांच्या पायांवर सूज यायला लागली, जिना चढवेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या हृदयाचं पंपिंग कमी झालंय. हे त्या डॉक्टरलाच म्हणाले, "पंप जुना आहे, सुटे भाग मिळत नाहीत, ठाऊक आहे मला." ती बाई हसली आणि बाहेर येऊन मला म्हणाली, "आंटी, मुलाला बोलवून घ्या." सरळ सांगितलं तिने. आडपडदा नाही.

मुलाने तिकडे अर्ज केला. वकिलाने केला, कंपनीने केला. उत्तर यायला वेळ लागला आणि आलं ते असं, की सध्या सोडता येत नाही, त्याची साक्ष व्हायची आहे. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, मी प्रयत्न करतोय." मी म्हटलं, "हो रे राजा." माझं सगळं लक्ष तेव्हा एकाच गोष्टीत होतं. त्याने यावं, ह्यांच्या खाटेजवळ बसावं, आणि दोघांनी एकदा ते बोलावं. मग काय व्हायचं ते होवो. शेजारच्या अक्का रोज यायच्या, त्यांच्या हनुमंताचा अंगारा आणायच्या आणि विचारायच्या, "मगा बंदना?" मुलगा आला का? मी मान हलवायचे. "बरतान, बरतान," येईल, येईल, म्हणत माझा हात धरून बसायच्या.

इस्पितळात एका दुपारी, मी मोसंबं सोलत होते, तेव्हा हे आपणहून बोलले. माझ्याकडे न बघता, छताच्या पंख्याकडे बघत. म्हणाले, "कारखान्यात अपघात झाला की मी आधी क्रम विचारायचो. पहिल्यांदा काय गेलं, मग काय गेलं. माणसाचं नाव शेवटी."

मी म्हटलं, "का?"

"नाव आधी घेतलं की सगळे त्या माणसाकडेच बघतात. यंत्राकडे मग कुणी बघत नाही. बिचारा एखादा फिटर लटकतो." दम लागला, थांबले. "मला क्रम कळला असता तर मी सांगू शकलो असतो कुठे बिघडलं ते. कागदावर मांडून दिलं असतं. पोराचं नाव यायच्या आधी."

मोसंबं माझ्या हातात तसंच राहिलं. मी म्हटलं, "अहो, मग हे त्याला सांगा ना!"

"वकील नको म्हणतो."

"वकिलाला घाला चुलीत!"

हसले. "त्या वकिलाचं बरोबर आहे गं. पोरावर उलटायला नको काही. आल्यावर सांगेन."

त्यानंतर दोन दिवसांनी की तीन, दुपारचं जेवण झाल्यावर, गेले. मी डबा धुवायला बेसिनपाशी होते. परत आले तर नर्स त्यांच्या छातीवर वाकलेली.

पुण्याहून पुतण्या आला, त्याने सगळं केलं. ह्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, लाकडं नकोत, विद्युतदाहिनी. "आयुष्यभर करंटचं खाल्लं, करंटवरच जाईन." मुलाला पुतण्याने फोनवर दाखवलं. फोन उभा धरलेला, त्यात त्याचा चेहरा. जहाजावरच्या कुठल्याशा खोलीत, मागे नारिंगी जाकिटं टांगलेली. मी फोन जवळ घेतला तर म्हणाला, "आई, तू चप्पल घातलीस का? फरशी तापली असेल तिथली."

त्याला सोडलं ते पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात. त्याच्यावर ठपका आला नाही एवढं कळलं. तो अहवाल मी वाचला नाही, मला समजलाही नसता. विमानतळावर तो दिसला तेव्हा मी आधी ओळखलंच नाही. दाढी, आणि चालणं म्हाताऱ्यासारखं. घरी आल्यावर बूट काढले आणि भिंतीला टेकून बसून राहिला. गीझर बिघडलेला होता. मी त्याला सांगितलं नाही, माणूस बोलावून दुरुस्त करून घेतला.

इतक्या दिवसांत ह्यांचं ते बोलणं मी त्याला का सांगितलं नाही, असं कुणीही विचारेल. फोनवर तो विषय त्याने काढू दिला नाही. आणि आला तेव्हा असा आला होता की त्याला हात लावायची भीती वाटावी. मी वाट बघत होते, त्याने तोंड उघडावं म्हणून.

मग भाद्रपद आला, पितृपक्ष आला. वर्षश्राद्ध मुलगा यायच्या आधीच पुतण्याने केलं होतं, पण पक्ष मुलाने स्वतः करायचा म्हटलं. आमचे गुरुजी जन्माने इथलेच, मराठी बोलतात पण दर वाक्याला "सरी, सरी" असतं. हॉलमध्ये पाट मांडले. मुलगा सोवळं नेसून बसला. ह्यांचा पिंड, आजोबा-पणजोबांचे, माझ्या माहेरचे, सगळे झाले. ह्यांचा पिंड ठेवताना त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते, वड्यांचं तेल मंद करून.

गुरुजी म्हणाले, "सरी. आता शेवटचा, धर्मपिंड. ज्यांना द्यायला कुणी नाही, ज्यांच्याशी आपलं नातं नाही, त्यांच्यासाठी."

मुलाने विचारलं, "दोन ठेवले तर चालतील?"

"कुणाचे?"

"एका बाईंचा आणि एका गृहस्थांचा. नवराबायको होते."

"तुमचे कोण?"

त्याने पुढ्यातले दर्भ सारखे केले. मग म्हणाला, "कुणी नाही."

"गोत्र?"

"परदेशातले होते. ख्रिश्चन असतील."

गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. मी तरी काय सांगणार? मला वाटलं आता म्हणतील, असं शास्त्रात नाही. पण त्यांनी उपरणं सारखं केलं आणि म्हणाले, "गोत्र माहीत नसलं की काश्यप म्हणायचं. नावं सांगा."

मुलाने नावं सांगितली. अजिबात अडखळला नाही, शाळेत पाढा म्हणावा तशी. गुरुजीच अडखळले, ती परकी नावं संस्कृतात बसवताना. तीनदा विचारून घेतली. मुलाने दोन पिंड ठेवले, शेजारी शेजारी. तिळाचं पाणी ताम्हनात पडायच्या ऐवजी पाटावर पडलं. गुरुजी म्हणाले, "असू दे, असू दे. पोचतं."

त्यांना वाढून, दक्षिणा देऊन निरोप दिला. कावळ्याचं पान गच्चीवर ठेवून आलो. मग मुलगा स्वयंपाकघरात येऊन खाली बसला, फ्रिजला टेकून, आणि बोलायला लागला. मी गॅस बंद केला.

म्हणाला, "आई, खाली इंजिनरूममध्ये खिडकी नसते. बाहेर काय आहे ते कळत नाही. लाइट गेली. काळोख. इमर्जन्सीचे दिवे लागले तेवढे. मी धावलो बोर्डाकडे. एक जनरेटर बंद, दुसरा बंद. मी सगळं बरोबर केलं, आई, जसं शिकवलंय तसं केलं. आणि लाइट आली."

"मग?"

"मी हसलो."

मला समजेना.

"लाइट आली म्हणून मी हसलो. हात वर करून ओरडलो, आली! सगळे ओरडले. कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली, बत्तीसाब, बत्तीसाब. आणि तेव्हा धक्का बसला. लाइट आली तरी इंजिन लगेच चालू होत नाही ना. जहाज आधीच वळलेलं होतं. मला ठाऊकच नव्हतं पुढे पूल आहे. मी वर गेलो तेव्हा..." त्याने तोंड फिरवलं. "मी हसत होतो तेव्हा ती दोघं खाली पडत होती."

मी त्याच्याजवळ जाऊन बसले. गुडघे दुखतात, बसायला वेळ लागतो मला. मग सांगितलं. इस्पितळ, मोसंबं, पंख्याकडे बघत ते काय बोलले, सगळं. माणसाचं नाव शेवटी, हे पण. "तुझं नाव यायच्या आधी यंत्राचं नाव यावं म्हणून विचारलं रे त्यांनी. तुला सोडवायला."

तो ऐकत राहिला. मला वाटलं आता रडेल, मोकळा होईल. तर तो अगदी शांतपणे म्हणाला, "मला वाटलंच होतं ते नंतर. जहाजावर पडून पडून. बाबांना चूक काढायची असती तर ते ओरडले असते."

"मग का नाही बोललास एकदा तरी?"

"वकील होता. आणि आई, क्रम सांगायचा तर सगळाच सांगावा लागतो ना. लाइट गेली, जनरेटर आला, ब्रेकर लावला, लाइट आली, मी हसलो. बाबांना गाळलेलं लगेच कळायचं. ते म्हणाले असते, मधलं काय सोडलंस."

खरं होतं. ते म्हणाले असते.

"बाबांना मी ते कसं सांगणार होतो?" त्याने विचारलं. मला वाटतं उत्तरासाठी विचारलं नव्हतं, पण मी विचार केला. ह्यांनी ऐकून काय केलं असतं? स्विचबोर्ड तपासून झाला, दिवा लागला की हे पण कारखान्यात हसत असतील की नाही? मी कधी त्यांचं काम बघितलं नाही. नक्की असं काही मला सांगता येईना, आणि पोराला खोटं सांगायचं नव्हतं. म्हणून मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. केस विरळ झालेत त्याचे, बापासारखे.

नंतर आम्ही जेवलो. अक्का दारात आल्या, त्यांना खीर दिली. त्यांनी मुलाकडे बघून मला विचारलं, "अत्तना?" रडला का? मी नाही म्हटलं.

आता तो पुन्हा जहाजावर जाणार नाही म्हणतो. इथेच एका लिफ्टच्या कंपनीत जातो, येतो. कधी रविवारी बसून मला त्या सकाळचं थोडं थोडं सांगतो, कुठला ब्रेकर, कुठली वायर. मला त्यातलं काही कळत नाही, पण मी ऐकून ठेवते. बापलेकांचं इकडचं तिकडे पोचवायचं काम माझंच. बापाचं म्हणणं मी उशिरा का होईना मुलापर्यंत पोचवलं. मुलाचं माझ्याकडे येऊन पडलंय, ते कुठे पोचवायचं ते मला माहीत नाही.